थ्री हंड्रेड विन मॅगवर मझल ब्रेक: खांद्याला साडेचार स्टार, कानाला एक

ज्यांना एवढं लांबलचक वाचायचं नाही त्यांच्यासाठी आधीच सांगून टाकतो. मझल ब्रेक, म्हणजे धक्का कमी करायला रायफलच्या नळीच्या तोंडाला लावायचा तुकडा, काम करतो, जाहिरातीत म्हणतात तसंच करतो, धक्का खरंच कमी होतो. पण शिकारीच्या रायफलवर कायमचा लावून ठेवायची ही वस्तू नाही असं माझं मत झालंय. रेंजवर लावा, डोंगरात जाताना काढा, आणि तुमच्या राज्यात सप्रेसर (बाराचा आवाज कमी करणारं नळकांडं) चालत असेल तर हे पैसे सरळ तिकडे वळवा. आता सविस्तर.

मी कोलोरॅडोत राहतो आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये एल्कच्या, म्हणजे इथल्या मोठ्या हरणांच्या, रायफल सीझनला जातो. "शिकार कशाला करता" हा वाद इथे नको प्लीज. भारतात १९७२ च्या कायद्यानंतर शिकार बंद आहे आणि ती बंदच राहावी असं मलाही वाटतं. इथलं गणित वेगळं, अमेरिकेतल्या कुठल्याही राज्यापेक्षा जास्त एल्क कोलोरॅडोत आहेत, राज्याचं वन्यजीव खातं कळपांची गणती करून टॅग म्हणजे शिकारीचे परवाने काढतं, आणि मांस घरी फ्रीझरमध्ये येतं, वर्षभर खातो आम्ही. आमच्या कोकणात आजोबांकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक होती म्हणतात, रानडुकरांसाठी, ती मी कधी हातात धरली नाही. कॉलेजात एनसीसीमध्ये पॉइंट टू-टू मारली होती तेवढाच अनुभव घेऊन इथे आलो. पॉइंट टू-टूला धक्का असा काही नसतोच, त्यामुळे पहिल्यांदा मॅग्नम खांद्याला लावली तेव्हा एनसीसीतलं काहीच कामाला आलं नाही.

रायफल माझी टिक्का टी३एक्स लाइट, .३०० विंचेस्टर मॅग्नम (विन मॅग) या काडतुसाची. फिनलंडची रायफल, बोल्ट सुंदर चालतो, नेम चांगला, तक्रार काही नाही. फक्त हलकी आहे. डोंगरात नऊ-दहा हजार फुटांवर चढताना हलकी रायफल म्हणजे देवाची कृपा वाटते आणि चाप ओढला की तीच कृपा खांद्यावर वसूल होते. स्कोप, पट्टा, काडतुसं धरून ८ पाउंडाच्या आसपास जाते. एवढ्या वजनाला १८० ग्रेनच्या (ग्रेन म्हणजे गोळी-दारू मोजायचं बारीक वजन) गोळीचा धक्का साधारण ३२ फूट-पाउंड ऊर्जेचा बसतो. तुलनेला दुसरी काडतुसं सांगतो, तेवढ्याच वजनाच्या रायफलमध्ये .३०-०६ चा २२ च्या आसपास, .३०८ चा १७, आणि ६.५ क्रीडमूरचा १३. म्हणजे विन मॅग क्रीडमूरच्या अडीच पट मारते. हे आकडे गोळीचं वजन, बंदुकीच्या दारूचं वजन आणि वेग यांच्यावरून काढलेले आहेत, लोड बदलला की थोडे इकडेतिकडे होतील, पण प्रमाण हेच.

आता लोक म्हणतील मर्दासारखा सहन कर. खांदा दुखणं हा मुद्दाच नाहीये हो, खांदा दोन दिवसांत बरा होतो. मुद्दा आहे फ्लिंचचा. शरीराला कळतं की आता फटका बसणार, मग चाप पूर्ण ओढायच्या आत डोळा मिटतो, खांदा पुढे रेटला जातो आणि गोळी भलतीकडे. तुम्हाला आहे का नाही हे बघायचा सोपा उपाय म्हणजे मित्राला मॅगझिन भरायला सांगा, मध्येच कुठेतरी एक डमी काडतूस, कुठे ते तुम्हाला माहीत नको. डमीवर चाप ओढला, नुसता खटका वाजला आणि नळीचं तोंड खाली झुकलं की समजायचं. भल्याभल्यांची नळी झुकते. प्राण्यावर नेम धरल्यावर असं झालं तर तो जखमी होऊन निघून जातो आणि तुम्ही अंधार पडेपर्यंत रक्ताचे थेंब शोधत बसता, म्हणून धक्क्याचा विचार करणं हा नाजूकपणा नाही.

तर ब्रेक म्हणजे काय, नळीच्या तोंडाला आटे पाडून त्यावर फिरवून बसवायचा दोन-अडीच इंचांचा स्टीलचा किंवा टायटॅनियमचा तुकडा, बाजूला खाचा किंवा भोकं. गोळी सरळ पुढे जाते, मागून येणारा गॅस खाचांमधून बाजूला आणि थोडा मागे वळवला जातो आणि तो रायफलला पुढे ओढतो. यात एक गोष्ट समजून घ्या, ती समजली की ब्रेक घ्यावा की नाही हे अर्धं तिथेच ठरतं. विन मॅगच्या काडतुसात १८० ग्रेनची गोळी आणि ७० ग्रेनच्या वर दारू असते. दारू जळून गॅस झाली म्हणून तिचं वजन कुठे जात नाही, आणि तो गॅस गोळीपेक्षा बराच जास्त वेगाने बाहेर पडतो, हिशोब करणारे गोळीच्या वेगाच्या पावणेदोन पट धरतात. तसं धरलं तर मागे येणाऱ्या एकूण रेट्यातला ४० टक्क्यांच्या आसपास वाटा नुसत्या गॅसचा निघतो. ब्रेक फक्त ह्याच वाट्याला हात लावू शकतो. गोळीचा वाटा गोळी नळीत असतानाच सुरू झालेला असतो, तो तुम्हाला मिळणारच. .३०८ मध्ये दारू कमी, गॅसचा वाटा एक तृतीयांशाच्या आतबाहेर, आणि मुळात धक्काच कमी, त्यामुळे तिथे ब्रेक लावून वाचणार काय आणि त्यासाठी कान किती फोडून घ्यायचे हा प्रश्न येतो. माझं मत विचाराल तर .३०८ आणि क्रीडमूरच्या शिकारी रायफलवर ब्रेक म्हणजे हौस. लांब पल्ल्याच्या स्पर्धा खेळणाऱ्यांचं वेगळं, त्यांना स्वतःची गोळी पडताना स्कोपमधून बघायची असते.

बसवण्याची कथा. माझ्या रायफलच्या तोंडाला आटे नव्हते. नवीन रायफल घेत असाल तर आटे पाडलेलीच घ्या, आजकाल बऱ्याच कंपन्या देतात आणि पुढची सगळी कटकट वाचते. .३० कॅलिबरला इथे सर्रास ५/८-२४ चे आटे चालतात, म्हणजे व्यास ५/८ इंच आणि इंचाला २४ आटे. पहिल्या गनस्मिथकडे, म्हणजे बंदुकांचं काम करणाऱ्या कारागिराकडे, गेलो, नाव घेत नाही, त्याने रायफल पिशवीतून बाहेरही काढली नाही, फोनवर बोलता बोलता म्हणाला ५/८-२४ पाडून देतो, दोन आठवडे लागतील. मला शंका आली कारण ५/८ म्हणजे ०.६२५ इंच आणि हलक्या रायफलींची नळी तोंडाशी साधारण तेवढीच जाड असते, मग ब्रेक टेकायला खांदा कुठून राहणार? ब्रेक आट्यांच्या शेवटी एका काटकोनातल्या सपाट कडेवर घट्ट टेकायला लागतो, ती कड नसेल तर तो वाकडा बसू शकतो आणि वाकड्या ब्रेकमधून जाणारी गोळी आतल्या भिंतीला घासली की नेमाचं वाटोळं, ब्रेकचे तुकडेही उडू शकतात. रायफल उचलली आणि दुसऱ्याकडे गेलो. हा म्हातारा होता, काही न बोलता त्याने आधी व्हर्नियर काढला, तोंडाशी तीन ठिकाणी मापला, मग नळीच्या आतल्या भोकावरून लेथवर सेंटर करावं लागेल, नळीच्या बाहेरच्या अंगावरून नाही, कारण भोक नेहमी नळीच्या बरोब्बर मध्यात असतंच असं नाही, हे समजावून सांगितलं. त्याने ९/१६-२४ चे आटे सुचवले म्हणजे खांदा नीट उरतो. तिथेच द्यायचं ठरवलं.

९/१६ चा तोटा एकच पण तो आधी कळलेला बरा. पुढेमागे सप्रेसर घ्यायचा झाला तर ५/८-२४ आणि १/२-२८ चे माऊंट कुठेही मिळतात, ९/१६ वाल्याला शोधाशोध करावी लागते किंवा मध्ये अडॅप्टर घालावा लागतो, आणि अडॅप्टर म्हणजे वाकडेपणाला आणखी एक जागा. अर्थात १/२-२८ .३० च्या मॅग्नमवर पाडायला माझ्या गनस्मिथने साफ नकार दिला, भोक जाऊन भिंत फार पातळ उरते म्हणाला, ते पटलं.

ब्रेकच्या प्रकारांत मुख्य भांडण दोन जातींचं. एक गोल भोकांचा, सगळीकडून भोकं, खालून पण. दिसायला देखणा, नळीच्या जाडीत मिसळून जातो. पण पालथं झोपून मारलं की खालच्या भोकांतून गॅस जमिनीवर आपटतो आणि धुरळा, पालापाचोळा, बर्फ जे असेल ते सगळं तोंडावर येतं, दुसऱ्या गोळीसाठी समोर काही दिसतच नाही. दुसरा बाजूला मोठ्या खाचांवाला, खाली बंद. हा धक्का जास्त खातो, विशेषतः खाचा मागच्या बाजूला कललेल्या असतील तर, पण दिसायला रणगाड्याची तोफ. मी दुसरा घेतला, तीन खाचांचा, मागे चेकनटवाला. चेकनट असलेलाच घ्या असा सल्ला देईन कारण खाचा बरोब्बर आडव्या, उजव्या-डाव्या यायला पाहिजेत आणि चेकनट असला की हाताने हवा तिथे फिरवून मागून नट आवळता येतो. नसेल तर पातळ वायसर घालून घालून जुळवत बसा, ते फार किचकट काम आहे. आवळताना नळी धरायची वाइसमध्ये, लाकडाचे किंवा ॲल्युमिनियमचे जबडे लावून. ॲक्शन (बोल्ट बसतो तो भाग) धरून पान्याने तोंडाशी जोर लावला तर नळी आणि ॲक्शनचा जोड सैल व्हायची भीती. आणि आटे सैल होऊ नयेत म्हणून लावतात ते नेहमीचं निळं थ्रेडलॉकर इथे भरवशाचं नाही कारण तोंडाशी उष्णता फार होते आणि ते मऊ पडतं, उष्णता सोसणारं मिळतं ते वापरा, काढायचं झालं की पाण्यात भिजवून सुटतं. मी काढघाल करतो म्हणून काहीच लावत नाही, फक्त दर थोड्या गोळ्यांनी हाताने चाचपतो, रायफल रिकामी करून बोल्ट काढून मग, हे वेगळं सांगायला नको खरं म्हणजे.

पहिली गोळी मारायच्या आधी नळीतून सरळ रॉड घालून ब्रेकच्या बाहेरच्या भोकात तो मध्यभागी दिसतो का ते बघून घेतलं. हे करायलाच पाहिजे, गनस्मिथ कितीही चांगला असो.

आता रेंजवरचा अनुभव. आधी ब्रेक न लावता मारून घेतलं, नेहमीचं, फटका, स्कोपमधलं चित्र आकाशात, परत खाली येऊन टार्गेट शोधा. मग ब्रेक लावला. आणि खरं सांगतो, पहिल्या गोळीनंतर मी रायफलकडेच बघत बसलो. धक्का आहे, पण ढकलल्यासारखा, तोही .३०८ च्या आसपासचा किंवा त्याच्याही आत, आणि तोंड वर उडत नाही, क्रॉसहेअर टार्गेटच्या कागदावरच राहतं, शंभर यार्डांवर कागदाला भोक पडताना दिसतं. ज्याने मॅग्नम मारलीय त्यालाच कळेल हे काय आहे ते. अर्ध्या बॉक्सनंतर खांदा जड व्हायचा तो झाला नाही, ग्रुप लहान झाला, म्हणजे गोळ्या जवळजवळ पडल्या. ब्रेकने रायफल जास्त अचूक झाली असं मी म्हणणार नाही, माणूस अचूक झाला, घाबरणं कमी झालं म्हणून. त्या दिवशी तिथल्या तिथे कोणी मला विचारलं असतं तर पाच स्टार दिले असते.

मग शेजारच्या बेंचवरच्या माणसाने आपलं सामान गोळा केलं आणि काही न बोलता चार बेंच पलीकडे जाऊन बसला.

त्याचं काही चुकलं नाही. रेंजवर डोक्यावर पत्रा, दोन्हीकडे फळ्यांची पार्टिशन, आणि ब्रेकमधून निघणारा सगळा गॅस बाजूला आणि मागे, म्हणजे शेजाऱ्याच्या आणि माझ्या तोंडावर. हा नुसता आवाज नसतो, दाब असतो, छातीत आणि नाकाच्या मागे जाणवतो, बेंचवरचे कागद उडतात, रिकामी पुठ्ठ्याची काडतुसांची डबी पडते. कानात प्लग आणि वरून कान झाकणारे मफ, दोन्ही लावून मी बसलो होतो तरी सेशन संपल्यावर डोकं जड झालं.

आकड्यांत बोलायचं तर शिकारी रायफलचा बार मारणाऱ्याच्या कानापाशी १६० डेसिबलच्या आसपास असतो. अशा क्षणिक आवाजाला धोक्याची पातळी १४० धरतात. म्हणजे ब्रेक नसतानाच आपण कधीच हद्दीच्या पार आहोत. ब्रेक त्यात आणखी पाच ते दहा डेसिबल घालतो. पाच-दहा ऐकायला किरकोळ वाटतं पण डेसिबलमध्ये दर तीनला ऊर्जा दुप्पट आणि दर दहाला दहा पट होते. आणि कान असा प्रकार आहे की गेलेलं परत येत नाही, कानाच्या आतल्या बारीक केसांसारख्या पेशी एकदा मेल्या की मेल्या, मग आयुष्यभर शांत खोलीत बसलं तरी कुईंऽऽ चालू. रेंजवर आपण प्लग घालतो, मफ घालतो, ठीक आहे. डोंगरात काय करणार?

इथेच माझं मत फिरलं. लोक म्हणतात इलेक्ट्रॉनिक मफ घ्या, बारीक आवाज मोठे ऐकू येतात आणि बार झाला की बंद होतात. बरोबर आहे, माझ्याकडे आहेत, चांगले आहेत. पण चार तास डोंगरात घालून चाला, वर केशरी टोपी घालायचीच, इथे रायफल सीझनला कमरेच्या वर ५०० चौरस इंच चमकणारं केशरी किंवा गुलाबी आणि शिवाय डोक्यावरही तसंच काहीतरी हा कायदा आहे, त्या टोपीवर मफ नीट बसत नाही, घाम येतो, वारा सुटला की माइकमध्ये नुसतं घोंघावतं आणि काटकी मोडल्याचा आवाज कुठल्या दिशेने आला ते कळत नाही. दस्त्याला गाल लावला की मफची वाटी दस्त्याला आपटून सरकते. मग माणूस मफ गळ्यात अडकवून ठेवतो आणि ठरवतो की वेळ आली की लावू. वेळ अशी येते की पहाटे अस्पेनच्या झाडीच्या कडेला नर उभा असतो, दीडशे यार्डांवर, अर्धं अंग झाडामागे, तुमच्याकडे चार-पाच सेकंद आहेत, त्यात कोण मफ लावतो? हाताची हालचाल झाली तरी तो गेला. रेंजवर एकदम सुरक्षित वाटणारी वस्तू इथे नेमक्या त्याच क्षणी उघड्या कानांवर फुटते.

आणि तुमचे कान तुमचे, पण सोबतच्याचं काय? माझ्यासोबत शेजारचे एक रिटायर्ड रांचर असतात, सत्तरी ओलांडलेले, पन्नास वर्षं इथे शिकार करतायत, एका कानाने आधीच कमी ऐकू येतं. त्यांना मी हौसेने ब्रेक दाखवला. त्यांनी तो हातात घेऊन फिरवून बघितला, परत दिला आणि एवढंच म्हणाले की हे रायफलवर असेल तर तू मला आधी सांग, म्हणजे मी दुसऱ्या दरीत बसेन. हे त्यांचं एकट्याचं खूळ नाही. आफ्रिकेत पैसे देऊन शिकारीला जाणाऱ्यांना विचारा, तिथले कितीतरी प्रोफेशनल हंटर ब्रेकवाली रायफल बघून कपाळाला आठ्या घालतात कारण ते पाहुण्याच्या खांद्याला खांदा लावून, बऱ्याचदा थोडे बाजूला किंवा पुढे उभे असतात आणि सीझनभर हेच काम. इथले काही आउटफिटर, म्हणजे शिकारीच्या सहली चालवणारे, तेही बुकिंगच्या वेळीच सांगतात की ब्रेक काढून या. बाजूला आणि जरासा मागे उभा असलेला माणूस ही ब्रेकच्या दृष्टीने सगळ्यात वाईट जागा, आणि गाइड, जोडीदार, शिकायला आणलेला मुलगा, सगळे उभे राहतात ते नेमके तिथेच.

तेव्हा मी काय करतो ते सांगतो. ऑगस्टपासून रेंजवर ब्रेक लावून सराव, भरपूर, दोन्ही कानबंद्या लावून, शक्यतो कडेचं बेंच घेऊन म्हणजे एकाच शेजाऱ्याला त्रास. सप्टेंबरअखेर ब्रेक काढायचा, आट्यांवर टोपण बसवायचं आणि रायफल परत झिरो करायची, म्हणजे स्कोपचा नेम गोळी पडते तिथे जुळवून घ्यायचा. ही पायरी अजिबात गाळू नका. नळीच्या तोंडाचं वजन बदललं की नळीचं कंपन बदलतं आणि गोळी दुसरीकडे पडते, काही रायफलींत इंचभर, काहींत दोन-तीन, वर-खाली कुठेही. ब्रेकवर झिरो केलेली रायफल ब्रेक काढून तशीच जंगलात नेली तर तुम्ही कुठे मारताय हे तुम्हालाच माहीत नाही. शेवटच्या दोन-तीन रेंज सेशनला ब्रेकशिवायचाच सराव. एल्कवर मारताना धक्का जाणवतच नाही हे सगळे सांगतात आणि ते खरं आहे, एक किंवा दोन गोळ्यांचा मामला असतो. धक्का त्रास देतो तो सरावाच्या शंभर गोळ्यांत, आणि त्या शंभर गोळ्या रेंजवरच्या आहेत.

सप्रेसरबद्दल, कारण कमेंटमध्ये हेच येणार. हो, तो जास्त चांगला उपाय आहे. आवाज २० ते ३० डेसिबलने खाली आणतो, सिनेमातल्यासारखं फुस्स होत नाही, मॅग्नम तरीही मोठ्याने वाजतेच, पण शेजाऱ्याचा बेंच सुटत नाही. धक्काही बऱ्यापैकी कमी करतो, चांगल्या ब्रेकइतका नाही. कोलोरॅडोत ठेवायला आणि शिकारीला वापरायला परवानगी आहे. १९३४ पासून लागणारा २०० डॉलरचा फेडरल टॅक्स २०२६ च्या जानेवारीपासून शून्य झाला, पण रजिस्ट्रेशन, बोटांचे ठसे, फोटो, तपासणी हे सगळं आहेच, टॅक्स गेला म्हणजे काउंटरवरून उचलून आणला असं नाही. तोटे म्हणजे रायफल सहा-सात इंच लांब होते, तोंडाशी वजन येतं आणि दाट झाडीत ते टोक फांद्यांत अडकतं, आणि चांगला सप्रेसर ब्रेकच्या चार-पाच पट किमतीचा. आणि आपली बरीच मराठी मंडळी जिथे राहतात तिथे, कॅलिफोर्निया, न्यू जर्सी, न्यू यॉर्क, इलिनॉय, मॅसॅच्युसेट्स, सर्वसामान्य माणसाला सप्रेसर ठेवताच येत नाही, असे एकूण आठ राज्यांत आहे. त्यांना ब्रेक हाच पर्याय उरतो, किंवा लहान काडतूस. एच-वन-बी वर असाल तर मुळात बंदूक बाळगण्याचेच नियम वेगळे आहेत, वैध हंटिंग लायसन्स असेल तर अपवाद आहे पण तो नीट समजून घेऊन, वकिलाला विचारून पुढे जा, मित्राने सांगितलं म्हणून नको.

लहान काडतुसाचंही बोलून घेतो, कारण हा खरा प्रश्न ब्रेकचा नाहीच असं मला हल्ली वाटतं. कोलोरॅडोत एल्कला कायद्याने लागतं काय, .२४ किंवा मोठं कॅलिबर, ८५ ग्रेनची फुगणारी गोळी आणि १०० यार्डांवर १००० फूट-पाउंड. विन मॅग ह्याच्या तिप्पट पार आहे. माझे बहुतेक शॉट अडीचशे यार्डांच्या आतले, तिथे .३०-०६ किंवा ७ एमएम-०८ चांगल्या गोळीनिशी आरामात काम करतं, गोळी योग्य जागी बसली तर. मग १९६३ साली निघालेलं हे दणकट काडतूस घ्यायचं आणि त्याचा दणका कमी करायला दीडशे डॉलरचा तुकडा लावायचा, हे नवीन घेणाऱ्याने करू नये. माझ्याकडे रायफल आधीच होती, विकायची नव्हती, म्हणून ब्रेक. साडेसातशे-आठशे डॉलर हातात असतील आणि कपाट रिकामं असेल तर .३०८ किंवा ७ एमएम-०८ घ्या, चांगलं मऊ रिकॉइल पॅड लावा आणि उरलेल्या पैशांची काडतुसं घ्या, मॅग्नमच्या काडतुसांपेक्षा ती स्वस्तही पडतात.

खर्च माझा असा झाला, ब्रेक दीडशेच्या आसपास, आटे पाडायला साधारण तेवढेच, शिवाय टोपण. रायफलच्या वॉरंटीवर आटे पाडल्याचा परिणाम होतो का ते कंपनीला आधी विचारा. साफसफाई वाढते, ब्रेकच्या आत काजळी दगडासारखी बसते, काढून सॉल्व्हंटमध्ये रात्रभर टाकतो आणि सकाळी पितळी ब्रशने घासतो. नळी साफ करताना ब्रेक काढलेला बरा, नाहीतर सगळी घाण खाचांत जाऊन बसते. टोपणं मात्र दोन घेऊन ठेवा, ट्रकच्या सीटखाली एक कायमचं जातं आणि उघडे आटे रायफल दगडावर टेकवताना एकदा चेपले की ब्रेक परत नीट बसत नाही.